कारखान्याचा कागद आणि पत्र्यावरचा ठसा : जुन्या स्पोर्ट्स कारच्या इतिहासाचा शोध

स्पोर्ट्स कार कारखान्यातून बाहेर पडते, तेव्हा तिच्या नावाने कागदांची एक थप्पी आधीच तयार झालेली असते. डीलरने पाठवलेली मागणी, तिच्यावरून निघालेले उत्पादन-पत्रक, जुळणीच्या रांगेवर गाडीबरोबर फिरलेला कागद, इंजिनाच्या चाचणीचे टिपण, रवानगीची नोंद, वॉरंटीची वही. त्या दिवशी या कागदांना कोणी फारसे मोल देत नाही. चाळीस-पन्नास वर्षांनी तीच गाडी चौथ्या-पाचव्या हातात विक्रीला येते, तेव्हा मात्र सगळा व्यवहार या कागदांवर तोलला जातो. एकाच वर्षाच्या, जवळपास एकाच सांगाड्यावर बांधलेल्या दोन गाड्यांच्या किमतीत इंजिनामुळे आणि काही भागांमुळे कित्येक पटींचा फरक पडतो, आणि ते इंजिन, ते भाग बाजारात सुटे मिळतात. साधी गाडी दुर्मीळ म्हणून विकण्याचा मोह तिथे सुरू होतो.

गाडीचा इतिहास शोधताना दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. अमुक क्रमांकाची गाडी कारखान्यातून कशी बाहेर पडली, हा पहिला. समोर उभी असलेली गाडी तीच आहे का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर कारखान्याच्या दप्तरात सापडू शकते. दुसऱ्याचे उत्तर कुठल्याच दप्तरात नसते, ते पत्र्यावर आणि इंजिनाच्या ओतीव धातूवर शोधावे लागते. पहिल्याचे उत्तर हाती आले की दुसऱ्याचेही आले, असे समजणारा खरेदीदार फसतो. या क्षेत्रातली बहुतेक फसवणूक याच गैरसमजावर उभी असते.

कागद कसा तयार झाला हे कळले, की त्याच्यावर किती विसंबावे तेही कळते. मोठ्या कारखान्यात एकाच रांगेवर लाल, पांढऱ्या, वातानुकूलित, बिनवातानुकूलित अशा गाड्या एकापाठोपाठ येत. पुढच्या गाडीला कोणते सीट, कोणता गिअरबॉक्स लावायचा, हे कामगाराला कळावे म्हणून प्रत्येक गाडीचे सांकेतिक पत्रक छापून रांगेवर पाठवले जाई. काम झाल्यावर त्या कागदाचा कारखान्याला उपयोग उरत नसे. क्रायस्लरच्या गाड्यांत ही पत्रके मागच्या सीटच्या स्प्रिंगांत किंवा इंधनटाकीच्या वर खोचलेली सापडतात. शेव्हरोलेच्या कॉर्व्हेटमध्ये साठीच्या दशकाच्या उत्तरार्धापासून असे पत्रक थेट इंधनटाकीच्या माथ्यावर चिकटवले जाऊ लागले आणि तो कागद ‘टँक स्टिकर’ म्हणून ओळखला जातो. टाकी खाली उतरवल्याशिवाय तो सहसा नीट वाचता येत नाही. ओलीने आणि धुळीने अनेकदा तो अर्धा झडलेला असतो. तरीही त्याचे वजन मोठे आहे, कारण पुढे कोणी तपासेल या हेतूने तो लिहिलेलाच नव्हता. क्रायस्लरच्या पत्रकांबाबत मात्र सावध राहावे लागते. घाईत एका गाडीचा कागद दुसरीच्या सीटमध्ये गेल्याचे पुष्कळदा आढळले आहे, त्यामुळे त्यावरचा क्रमांक आधी जुळवावा आणि मगच बाकीचे वाचावे.

कारखान्याच्या नोंदी वाचण्याची रीत पोर्शेच्या गाड्यांवरून सर्वांत स्पष्ट समजते. श्टुटगार्टमधल्या त्सुफेनहाउझेन येथे बनलेल्या ३५६ आणि सुरुवातीच्या ९११ गाड्यांसाठी प्रत्येकी एक कार्ड ठेवले जाई. त्याला ‘कार्डेक्स’ म्हणतात. एका बाजूला चेसिस, इंजिन आणि गिअरबॉक्सचे क्रमांक, रंग, आतले अस्तर, मागवलेली जादा साधने, रवानगीची तारीख, डीलर आणि पहिला मालक. वॉरंटीच्या काळात दुरुस्तीसाठी गाडी आली असेल, तर त्याच्याही नोंदी त्याच कार्डावर. वॉरंटीत इंजिन बदलले गेले असेल तर तेही इथे दिसू शकते. आजच्या इंजिनाचा क्रमांक मूळ क्रमांकाशी जुळत नाही म्हणून गाडी संशयित ठरवण्याआधी या नोंदी पाहायला हव्यात, कारण पहिल्याच वर्षी कंपनीने स्वतः बदललेले इंजिन आणि तीस वर्षांनी गॅरेजात बसवलेले इंजिन यांची किंमत सारखी नसते.

यातले सर्वांत बोलके उदाहरण १९७३ च्या कॅरेरा आरएस २.७ चे. ऑक्टोबर १९७२ मध्ये पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात ती मांडली गेली. शर्यतीच्या नियमांसाठी ५०० गाड्या पुरेशा होत्या, प्रत्यक्षात १,५८० च्या आसपास बनल्या. २१० अश्वशक्तीच्या या गाडीला चेसिस क्रमांकांची स्वतःची मालिका मिळाली आणि ती ९११३६० या आकड्यांनी सुरू होते. पहिले तीन आकडे गाडीचा प्रकार सांगतात, चौथा ३ म्हणजे १९७३ चे मॉडेल, पाचवा ६ म्हणजे कॅरेरा आरएस, सहावा ० म्हणजे बंद छपराची कूपे. त्याच वर्षीची साधी ९११ टी घेऊन तिला रुंद मडगार्ड, मागचा ‘बदकशेपटी’ स्पॉयलर आणि दारांवरची ‘कॅरेरा’ अक्षरे लावणे सोपे आहे, आणि अशा असंख्य गाड्या जगभर आहेत. पण पुढच्या डिकीत, गालिच्याखाली, इंधनटाकीशेजारच्या पत्र्यावर कारखान्याने ठोकलेला क्रमांक ९११३६० ने सुरू होत नसेल, तर ती आरएस नाही. म्हणून बनावट आरएस करणाऱ्याला तो पत्रा कापून दुसरा जोडावा लागतो किंवा आकडे घासून नवे ठोकावे लागतात. पत्र्याच्या कडेला वेल्डिंगची रेघ, भोवतालच्या रंगाचा वाजवीपेक्षा जाड थर, एखाद्या आकड्याचे वेगळे वळण, ही त्याची खूण असते. गालिचा उचलून, टॉर्च धरून, बोट फिरवून हे पाहावे लागते. छायाचित्रावर ते कळत नाही.

आरएस आहे हे क्रमांकावरून ठरले, तरी ती कोणत्या प्रकारची आरएस हे क्रमांक सांगत नाही. हलकी ‘स्पोर्ट’ आवृत्ती एम४७१ या संकेताने नोंदली गेली आणि तशा जेमतेम २०० गाड्या झाल्या. रोजच्या वापराची ‘टुरिंग’ एम४७२, आणि शर्यतीची आरएसआर एम४९१. टुरिंगमधला गालिचा आणि जाड सीट काढून तिला स्पोर्टचे रूप देता येते. इथे निवाडा कारखान्याच्या नोंदीनेच होतो. संकेत वाचतानाही वर्षाचे भान लागते. १९७३ मध्ये शर्यतीच्या गाडीसाठी वापरलेला एम४९१ हाच संकेत ऐंशीच्या दशकात साध्या कॅरेराला टर्बोचे रुंद अंग देणाऱ्या पर्यायासाठी वापरला गेला. संकेतांची एकच यादी सगळ्या वर्षांना लावली, तर भलताच अर्थ निघेल. या ऐंशीच्या दशकातल्या गाड्यांत पुढच्या झाकणाच्या आतल्या बाजूला आणि सर्व्हिसच्या वहीत अशा दोन ठिकाणी संकेतांचे स्टिकर लावलेले असे. दोन्ही एकमेकांशी आणि चेसिस क्रमांकाशी जुळणे, हा चांगला पुरावा. झाकणावरचे स्टिकर नसेल तर ते झाकण अपघातानंतर बदलले गेले असण्याची शक्यता आधी विचारात घ्यावी.

मर्सिडीज-बेंझकडे याच कामाचे ‘डाटेनकार्टे’ नावाचे माहितीपत्रक आहे. वर उघडणाऱ्या दारांची ३०० एसएल कूपे १९५४ ते १९५७ दरम्यान १,४०० बनली. त्यांपैकी फक्त २९ गाड्यांचे अंग ॲल्युमिनियमचे होते, आणि त्यांना १९८.०४३ असा वेगळा प्रकार-क्रमांक होता. पोलादी गाडीला नंतर ॲल्युमिनियमचे अंग चढवले, तर ती सजावट ठरते. पत्रकावरचा प्रकार बदलत नाही.

ब्रिटिश गाड्यांचे दप्तर मोठ्या नोंदवह्यांत आहे. एमजी, ट्रायम्फ, ऑस्टिन-हीली यांच्या वह्यांवरून गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियम ‘हेरिटेज सर्टिफिकेट’ देते. जग्वारसाठी हे काम जग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्टने केले आहे. जग्वारच्या ई-टाइपमध्ये एक मोठी गोम आहे. चेसिस क्रमांकाचा ठसा पुढच्या नळ्यांच्या चौकटीवर असतो, आणि ती चौकट मुख्य अंगाला बोल्टने जोडलेली असते. कुजलेले अंग टाकून देऊन चौकट दुसऱ्या गाडीच्या अंगाला लावली, तर क्रमांक खरा आणि गाडी वेगळी, असे होऊ शकते. म्हणून ई-टाइपच्या पाटीवरचे चेसिस, इंजिन, बॉडी आणि गिअरबॉक्स हे चारही क्रमांक प्रमाणपत्राशी ताडून पाहावे लागतात, आणि त्यांत बॉडी क्रमांक सर्वांत महत्त्वाचा, कारण तो अंगाशी बांधलेला असतो. केवळ चेसिस आणि इंजिन जुळवून ‘नंबर मॅचिंग’ अशी जाहिरात केलेली ई-टाइप अर्धीच तपासलेली समजावी.

इटलीत परिस्थिती निराळी. फेरारीसारख्या छोट्या कारखान्यात सांगाडा एकीकडे बने, तर अंग मोदेनामधल्या स्काग्लिएत्ती किंवा तोरिनोच्या पिनिनफरिनासारख्या कारागिरांकडे. प्रत्येकाचे क्रमांक वेगळे आणि कागदही वेगळे. कारखान्याची जुळणी-पत्रके मारानेल्लोत जतन झाली आहेत आणि फेरारीचा ‘क्लासिके’ विभाग गाडी तपासून त्यांच्या आधारे प्रमाणपत्र देतो. लॅम्बोर्गिनीने २०१५ मध्ये ‘पोलो स्टोरिको’ हा अशाच कामाचा विभाग उभा केला. इटलीची खरी देणगी मात्र कारखान्याबाहेर आहे. १९२७ पासून तिथे ‘पुब्लिको रेजिस्त्रो आउतोमोबिलिस्तिको’ ही गाड्यांच्या मालकीची सार्वजनिक नोंद चालते. नंबरप्लेटवरून तिचा कालक्रमानुसार उतारा काढला, की मालकांची रांग तारखांसह समोर येते. आपल्याकडच्या सातबाराचे फेरफार जसे वाचतात, तसाच तो वाचायचा. कारखान्याचे प्रमाणपत्र आणि हा उतारा शेजारी ठेवले, की मधली खिंडारे लगेच दिसतात.

अमेरिकेत गाड्यांची संख्या अफाट आणि जतन अनियमित. फोर्डने १९६७ पासूनच्या उत्पादनाची माहिती एका खासगी संशोधकाच्या हवाली केली आणि त्यातून निघणारा ‘मार्टी रिपोर्ट’ मस्टँगच्या व्यवहारात प्रमाण मानला जातो. जनरल मोटर्सकडे कॉर्व्हेटच्या बहुतेक वर्षांच्या अशा तपशीलवार नोंदी मिळत नाहीत. ती उणीव १९७४ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटीने काही अंशी भरून काढली. कागद अपुरा, म्हणून कॉर्व्हेटच्या अभ्यासकांनी धातू वाचण्याची विद्या कमालीची पुढे नेली. छोट्या व्ही-आठ इंजिनाच्या ब्लॉकमागे ओतकामाची तारीख उठावाने आलेली असते. महिन्याला ए ते एल यांपैकी एक अक्षर, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा आकडा. उजव्या सिलिंडर-हेडच्या पुढे एक सपाट पट्टी असते. तिच्यावर इंजिन-जुळणीची तारीख, इंजिनाचा प्रकार-संकेत आणि गाडीच्या क्रमांकाचा अंश ठोकलेला असतो. ओतकाम आधी, जुळणी नंतर, गाडी त्याहूनही नंतर, हा क्रम मोडला तर इंजिन मूळचे नाही. क्रम जुळला तरी पट्टी भिंगाखाली पाहावी लागते. कारखान्यातल्या यंत्राने ती पट्टी सपाट करताना एका दिशेने बारीक समांतर रेघा उमटत. इंजिनाच्या दुरुस्तीत ब्लॉकचा माथा पुन्हा तासला, तर त्या रेघा आणि जुने ठसे दोन्ही जातात. आकडे स्वच्छ, पण रेघा नाहीत, असे दिसले तर आकडे नंतर ठोकलेले असण्याचा संभव मोठा.

या सगळ्या दाखल्यांत एक भेद जपायला हवा. कार्ड, नोंदवही, टाकीवरचे पत्रक ही मूळ साधने. आज पैसे भरून मिळणारे प्रमाणपत्र हे त्यांच्यावरून कोणीतरी केलेले उतरवून घेणे. उतरवताना चुका होतात, आकडे उलटसुलट होतात, एखादा पर्याय गाळला जातो. विसंगती आढळली, तर शक्य असल्यास मूळ नोंदीची प्रत मागावी. प्रमाणपत्रातून काही गोष्टी मुद्दामही वगळल्या जातात. इंजिनाचा मूळ क्रमांक सरळ सांगितला तर तो दुसऱ्या ब्लॉकवर ठोकण्याची सोय होते, म्हणून काही ठिकाणी आधी मालकाकडून क्रमांक मागवतात आणि जुळतो की नाही एवढेच कळवतात. युरोपात २०१८ पासून लागू झालेल्या माहिती-संरक्षणाच्या नियमांमुळे पहिल्या मालकाचे नावही सहज मिळत नाही. दोन्ही बंधने अभ्यासकाला अडचणीची वाटली, तरी पहिले नक्कीच योग्य आहे.

कारखान्याचा कागद दारापर्यंत सोडतो. तिथून पुढची वाट इतर पुराव्यांनी जोडावी लागते, आणि ती कशी जोडता येते हे ७००७९ क्रमांकाच्या बीएमडब्ल्यू ५०७ ने दाखवले. १९५६ ते १९५९ या काळात ५०७ फक्त २५० च्या आसपास बनल्या. ही पांढरी गाडी आधी कंपनीकडे होती आणि हान्स श्टुक यांनी ती डोंगरी शर्यतींत चालवली. अमेरिकी सैन्यात जर्मनीत असताना एल्व्हिस प्रेस्लीने ती घेतली. चाहत्या मुली पांढऱ्या रंगावर लिपस्टिकने निरोप लिहीत, म्हणून तिला लाल रंग दिला गेला. १९६० मध्ये ती अमेरिकेत पोचली आणि पुढे एका मालकाने तिचे इंजिन काढून शेव्हरोलेचे बसवले. मग ती कॅलिफोर्नियात एका गोदामात पडून राहिली, आणि प्रेस्लीची गाडी कोणती याबद्दल तर्क चालू राहिले. एका अमेरिकी पत्रकाराचा लेख आणि गोदामातल्या गाडीवरचा क्रमांक म्युनिकच्या दप्तरातल्या नोंदींशी जुळला, तेव्हा शोध संपला. बीएमडब्ल्यूने ती आधी होती त्या जीर्ण स्थितीत म्युनिकला दाखवली, मग पुन्हा उभी केली आणि २०१६ मध्ये पेबल बीचला मांडली. कारखान्याची नोंद, शर्यतीची छायाचित्रे, सैन्यातल्या तरुणाचा करार आणि गंजलेला पत्रा यांपैकी एकही दुवा एकट्याने पुरेसा नव्हता.

दुव्यांच्या या सलगतेला न्यायालयानेही महत्त्व दिले आहे. १९२९ आणि १९३० अशा दोन्ही वर्षी ल माँची शर्यत जिंकणारी बेंटली ‘ओल्ड नंबर वन’ पुढे इतक्या वेळा बदलली गेली की तिच्यात मूळचे फार थोडे उरले. ती एक कोटी पौंडांना विकण्याचा करार झाला, खरेदीदाराने ती खरी नसल्याचे सांगून माघार घेतली आणि प्रकरण लंडनच्या उच्च न्यायालयात गेले. १९९० मध्ये न्यायमूर्ती ऑटन यांनी ‘मूळ’ हे विशेषण तिला नाकारले, पण तिचे अस्तित्व अखंड चालत आले आहे, म्हणून ती अस्सल ओल्ड नंबर वनच, असा निर्णय दिला. प्रत्येक बदलाचा माग लागत होता, म्हणून हा निर्णय शक्य झाला. त्यामुळे दुरुस्तीची बिले, शर्यतींच्या तपासणीचे कागद, जुनी नोंदणीपुस्तके, फोटो यांना कारखान्याच्या कागदाइतकेच जपावे लागते.

बनावट कागदांचा धंदाही या क्षेत्राइतकाच जुना. संकेतांची स्टिकरे, धातूच्या पाट्या, टंकलेखन केलेली पत्रके यांच्या हुबेहूब प्रती पुनर्बांधणीसाठी उघडपणे विकल्या जातात. शेल्बी कोब्राच्या मूळ गाड्या हजाराच्या घरात आहेत, पण तिच्या नकला त्याहून कितीतरी पटींनी जास्त आहेत. पाटी नवी असणे हा दोष नव्हे, ती नवी असल्याचे लपवणे हा दोष आहे. अमेरिकेत गाडीचा ओळखक्रमांक खोडणे किंवा बदलणे हा १९८४ पासून केंद्रीय गुन्हा आहे.

१९८१ च्या मॉडेलपासून अमेरिकेत सतरा अक्षर-आकड्यांचा ओळखक्रमांक सक्तीचा झाला आणि हळूहळू तो जगभर रूढ झाला. त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरे वापरत नाहीत, कारण ती एक आणि शून्याशी गोंधळतात. उत्तर अमेरिकी गाड्यांत नववे स्थान पडताळणीचे असते, त्यामुळे मनाने रचलेला क्रमांक गणिताने पकडता येतो. १९८४ मध्ये सुरू झालेल्या कारफॅक्ससारख्या सेवा अपघात, विमा आणि मीटरच्या नोंदी त्याच क्रमांकावर गोळा करतात. नव्या गाड्यांसाठी ही सोय मोठी आहे. १९८१ पूर्वीच्या गाड्यांना तिचा उपयोग जवळजवळ नाही.

भारतात नोंदणीच्या नमुना २० या अर्जावर चेसिस क्रमांकाचा पेन्सिलने घेतलेला ठसा द्यावा लागतो. कागद धातूवर ठेवून शिसपेन्सिल घासायची, एवढीच ती क्रिया, पण कागद आणि पत्रा यांची गाठ घालणारा हा साधासा पुरावा जगातल्या अनेक महागड्या प्रमाणपत्रांपेक्षा जास्त सांगतो. मुंबई-पुण्यात एखादी जुनी परदेशी स्पोर्ट्स कार घेताना आरटीओच्या जुन्या दप्तरातला हा ठसा आणि सीमाशुल्काची ‘बिल ऑफ एंट्री’ मिळाली, तर ती गाडी देशात कधी आणि कोणत्या क्रमांकाने आली हे ठरते. २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वेगळी ‘व्हीए’ नोंदणी आणली. चेसिस, अंग वा इंजिनात मोठा बदल न झालेल्या गाडीलाच ती मिळते. त्यामुळे मूळपणाचा प्रश्न आता इथेही हौसेपुरता उरलेला नाही.

तपासाचा क्रम चुकवू नये. आधी गाडीवरचे सर्व ठसे स्वतः किंवा जाणकाराकडून उतरवून घ्यावेत आणि मगच कागद मागावेत, कारण कागद आधी वाचला की डोळा धातूवर तेच आकडे वाचतो. विक्रेत्याने दाखवलेली झेरॉक्स पुरावा म्हणून धरू नये. अभिलेख बहुधा मालकालाच माहिती देतो, म्हणून विक्रेत्याकडून अर्ज करवून उत्तर थेट आपल्याला येईल अशी व्यवस्था करावी. अभिलेखाचे शुल्क आणि जाणकाराचा मेहनताना हा खर्च गाडीच्या किमतीपुढे किरकोळ असतो. आणि गालिचा उचलून पत्र्यावरचा क्रमांक पाहू द्यायला जो विक्रेता तयार नसेल, त्याच्याकडची गाडी कितीही देखणी असली तरी घेऊ नये.